मोकळ्या जागेतलं नाव

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला वेगळा नमस्कार, कारण पाकीट तुझ्या आधी तिच्या हातात पडतं आणि ते चिकटवलेलं असलं तरी तिचं काही अडत नाही, हे मला माहीत आहे. तिने राग मानू नये. माहीत आहे एवढंच म्हटलं.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तोच, कुरकुरही तीच. काकूला ऐकू कमी येतं, पण जिन्यात कोण कोणाशी काय बोललं ते बरोबर ऐकू येतं. दूधवाला बदलला. जुना पाणी घालायचा. नवा घालत नाही, त्यामुळे मला त्याचाच जास्त संशय येतो. तू म्हणशील, फौजदार पुन्हा कामाला लागली. बिस्किटं कोणी खाल्ली ते मी तुझ्या शर्टावरच्या चुऱ्यावरून ओळखलं, तेव्हापासून तू मला फौजदार म्हणतोस. पण त्या दिवशी माझं चुकलं होतं का, ते सांग.

आता कामाचं. आमच्या नकाशा खात्याने एक नवं खूळ काढलं आहे. देशातल्या प्रत्येक मुलखाचं नाव कसं पडलं याचं पुस्तक करायचं आणि शाळाशाळांतून वाटायचं. काम आलं नावांच्या शाखेकडे, म्हणजे माझ्याकडे, कारण त्या शाखेत मी आणि एक खिडकी एवढेच आहोत. आमचे साहेब दिवसातून दोनदा डोकावतात, टेबलावरचा कुठलाही कागद उचलून भिंगातून बघतात आणि ‘चालू द्या’ म्हणून जातात. सगळं खातं त्यांना मागे भिंगच म्हणतं. माझा असा अंदाज आहे की भिंगातून त्यांना काही दिसत नाही, पण आपण काय बघतोय हे समोरच्याला कळू नये म्हणून ते बरं पडतं.

मुलखामुलखांतून माहिती येते आहे आणि जिकडून तिकडून राजेच येताहेत. कुठे राजाला तहान लागली, कुठे राजाचा घोडा मेला, कुठे राजा नुसता शिंकला, की पडलं मुलखाला नाव. इतके राजे खरंच असते तर नांगर कोणी धरला असता? म्हणून मी प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारते: ठेवणारा कुठे उभा होता? ‘पैलथड’ घे. तिथला माणूस स्वतःला पैलथडचा समजतच नाही. त्याच्या मते नदीच्या पैलथडीला राहतो ते आपण, इकडचे. म्हणजे ते नाव आपल्या काठावरून ठेवलेलं आहे, बहुतेक कोणा वसुली अधिकाऱ्याने, जो होडीत बसायला घाबरत होता. ‘उजाडी’ मुलखात मी स्वतः जाऊन आले. दाट झाडी, पाण्याला तोटा नाही. पण ज्या फौजेने ते नाव दिलं ती तिथून मार खाऊन परतली होती. मुलखाला नाव देणं आणि माणसाला नावं ठेवणं यात फारसा फरक नसतो. ज्याला ठेवतात त्याच्यापेक्षा ठेवणाराच जास्त उघडा पडतो.

आता तुमचा मुलूख. तुमच्या समितीने, जिचे चिटणीस आपण आहात, राणीची गोष्ट पाठवली आहे. मांडीवर मूल, मागे शत्रू, भर पुरात राणीने घोडा नदीत घातला, आणि ज्या काठाला लागली त्या मुलखाला तिचं नाव पडलं. वाचताना मलासुद्धा क्षणभर भरून आलं. मग मी नकाशा उघडला. दादा, कुठली नदी? तुमच्या मुलखात धड ओढासुद्धा नाही. पुतळ्याचा चौथरा स्टेशनासमोर बांधून झाला, असं लिहिलंस. राणी कुठून मिळाली तेही लिही. कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, असं मागे मागे जा.

तुमच्या मुलखाच्या नावात काकूचंच नाव आहे, हा योगायोग लहानपणी आपल्याला केवढा वाटायचा! आपण तिला चिडवायचो, आणि ती चिडायची सोडून ऐटीत म्हणायची, ‘माझ्या मुलखात असं चालत नाही हं.’ अजून म्हणते. परवा दूध उतू गेलं तेव्हाही म्हणाली. मी ते नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाही, कारण काकूला चष्म्याशिवाय काही दिसत नसलं तरी स्वतःचं नाव दाराआडूनही दिसतं. आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाही. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत काकू आहे.

तुमच्या स्टेशनावरचा तो हमाल अजून आहे का? गाडी शिरताना मुलखाचं नाव असं घसा फाडून पुकारायचा की तुझी तान्ही मुलगी घरात दचकून उठायची, असं तू लिहिलं होतंस.

आईला तुमच्याकडे येण्याबद्दल पुन्हा विचारलं. उत्तर तेच, ‘त्या मुलखात मला पाय ठेवायचा नाही.’ कारण विचारलं की गुडघा. मुलूख कुठला ते गुडघ्याला कसं कळतं, हे काही ती सांगत नाही. पाकिटावर तुझं नाव आणि घर मी लिहिणार, आणि शेवटची ओळ, मुलखाची, ती माझ्या हातातून पेन काढून घेऊन स्वतः लिहिणार, हेही नेहमीचंच. माझ्या अक्षरावर तिचा भरवसा नाही. नकाशांवर नावं लिहिणाऱ्या बाबांची मुलगी असून!

तुझी,
फौजदार


१९ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. राणीला हात लावशील तर याद राख, असं तू एका सरकारी कामात गुंतलेल्या बाईला लिहिलं आहेस, हे मी नोंदवून ठेवते. राणी मूळ कुठून आली हे मात्र तूच कबूल केलंस. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकातून! आणि नाटक लिहिणारे मास्तर आता हयात नाहीत. बरं आहे. राण्यांचे साक्षीदार नेहमी वेळेवर जातात.

आता मी जे लिहिते आहे ते नीट बसून वाच.

मी दप्तरखान्यात जाऊन तुमच्या मुलखाच्या सगळ्या जुन्या शीट काढल्या. सर्वांत जुन्या नकाशात तिथे काही नाही. दोन टेकड्यांच्या रेघा आणि मोकळा कागद. पुढच्या आवृत्तीत त्या मोकळ्या कागदाच्या मधोमध, सुबक अक्षरात, ते नाव. शेजारी गावाचा ठिपका नाही, वाट नाही, विहीर नाही. नुसतं नाव. अक्षर कोणाचं ते मला कोपऱ्यातली सही बघायच्या आधीच कळलं. माझ्या शाळेच्या सगळ्या पुस्तकांवर त्याच अक्षरात माझं नाव घातलेलं असायचं.

बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे शाईकाका आठवतात? बोटं कायम निळी, आपल्याला टाकाचं टोक भेट देणारे. आता लेकाकडे राहतात, पुलापलीकडे. मी त्यांच्याकडे गेले. आधी त्यांनी माझी, आईची, काकूची, तुझी, सगळ्यांची चौकशी केली. इतकी चौकशी झाली की मला शंका आली, यांना मुद्द्यावर यायचं नाही. मग मी पिशवीतून शीटची प्रत काढून समोरच ठेवली.

ते म्हणाले, ‘हे तर बुजगावणं.’

त्यांच्या काळात खाजगी छापखाने खात्याचे नकाशे चोरून छापायचे. चोर पकडायचा कसा? तर प्रत्येक ड्राफ्ट्समनने आपल्या शीटवर मोकळ्या जागेत एक खोटं नाव टाकायचं. जिथे कोणी जात नाही अशा ठिकाणी, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही. ते नाव बाहेरच्या नकाशात दिसलं की चोर सापडला. त्याला खात्यात बुजगावणं म्हणायचे. टाकणाऱ्याला, साहेबांना आणि फार तर शेजारच्या टेबलाला माहीत. पुढच्या आवृत्तीत ते पुसायचं आणि दुसरीकडे नवं टाकायचं.

‘मग हे का पुसलं नाही?’ मी विचारलं.

‘साहेब बदलले. नव्या साहेबांना कोणी सांगितलं नाही. तेवढ्यात रेल्वेवाल्यांनी नकाशा मागितला. आपल्याच लोकांनी आपलीच शीट दिली. मोकळ्या माळावर स्टेशन झालं, आणि नकाशावर होतं तेच नाव त्याला दिलं. मग स्टेशनाभोवती वस्ती, वस्तीचा तालुका, आणि पुढे अख्ख्या मुलखालाच ते नाव. चोरासाठी सापळा लावला आणि घरचाच पाय अडकला बघ.’

म्हणजे दादा, बुजगावण्यावर पाखरं येऊन बसली आणि त्यांनी घरटी केली. त्यातलं एक तू.

हसू नकोस, अजून संपलं नाही. मी विचारलं, ‘बाबांना तर माहीत होतं. त्यांनी का नाही सांगितलं?’ शाईकाका बराच वेळ कपातली साखर ढवळत बसले. मग म्हणाले, ‘मीच त्याला म्हटलं होतं, साहेबांच्या कानावर घाल, नाव खोटं आहे म्हणून. तर म्हणाला, हे खोटं नाही. आणि हसला. पण ते हसणं काही बरोबर वाटलं नाही मला. ही कोण रे बाबा, असं मी विचारलं. तर खाली मान घालून रेघ मारायला लागला.’ एवढं बोलून शाईकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. मी कप तसाच ठेवून उठले.

दादा, जगात नावांचा काय दुष्काळ पडला होता? झाडांची, पाखरांची, दगडांची नावं होती. मोकळी जागा पाहिल्यावर आपल्या बाबांना सुचलं ते त्यांच्या सख्ख्या भावजयीचं.

आता जरा मागचं आठव. तो नकाशा बाबांनी बाहेरच्या खोलीत चौकटीत लावला होता. सुट्टीच्या दुपारी ते त्याच्यासमोर उभे राहायचे, हात मागे बांधून. आई कधी त्याच्याकडे बघायची नाही. उलट शेजारी खुंटी ठोकून घेतली आणि छत्री, कोट, पिशव्या सगळं त्यावरच टांगायची, नकाशा झाकला जाईल असं. आपल्याला वाटायचं, तिला पसारा कळत नाही. तिला? जिच्या डब्यांची झाकणंसुद्धा एका रांगेत असतात? आणि त्या मुलखात पाय ठेवायचा नाही म्हणते, ते गुडघ्यामुळे?

आणि तू. तुला तीन ठिकाणांहून नोकरी आली होती. ‘तिकडेच जा’ असं कोणी सांगितलं? बाबांनी. तू विचारलंस का, का म्हणून? की तुला आधीच माहीत होतं? खरं लिही.

पत्र वाचून जाळून टाक. वहिनीचं वाचून झाल्यावर.

तुझी,
फौजदार


२ एप्रिल

दादा,

चार ओळींचं पत्र आलं. त्यातल्या तीन राणीच्या बाजूने. चौथीत लिहितोस, गेलेल्या माणसाचे खिसे तपासू नयेत. वाक्य चांगलं आहे, वहिनीचं असावं.

मी खिसे तपासत नाही. मी त्याच घरात राहते. तू सुटलास. इथे सकाळी उठलं की समोर नकाशा, नकाशाखाली काकू, आणि आतून आईचा आवाज, ‘तिला चहा दे आधी, तिचा घसा बसलाय.’ आई तिच्याशी इतकी चांगली का वागते? एवढं चांगलं कोणी कोणाशी उगाच वागतं का? मला आता दोघींच्या प्रत्येक शब्दाला दुसरी बाजू दिसते आहे, आणि ती न दिसावी म्हणून मी फार प्रयत्न करते आहे, असंही नाही.

रविवारी मटार सोलताना मी मुद्दाम विषय काढला. ‘काकू, तुझ्या मुलखाचं नाव कसं पडलं गं?’

‘माझ्यावरूनच!’ ती हसली. नेहमीचीच. मी मटार सोलत राहिले, मग तीच पुढे म्हणाली, ‘अगं, तुझ्या बाबाने एकदा मला म्हटलं होतं. मी एकटीच होते. असाच येऊन उभा राहिला दारात. म्हणाला, वहिनी, ते नाव आता नकाशातून कोणी काढू शकत नाही. आणि डोळ्यांत पाणी की गं त्याच्या! मला काही कळेना. मी म्हटलं, बस, जेवतोस का. तर तसाच निघून गेला.’

आई ओट्याशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. तिचा डाव भांड्यात थांबला. मी बघत होते, दादा. थांबला, आणि मग पुन्हा हलायला लागला, आधीपेक्षा जोरात.

आता सांग, गेलेल्या माणसाचे खिसे.

मी काकूशी बोलणं सोडलं आहे. चहाचा कप ठेवते तो आपटूनच. ती विचारते, ‘बरं नाही का तुला?’ मी म्हणते, ‘बरं आहे.’ लहानपणी माझे केस तीच विंचरायची, हे आठवतं आणि आणखी राग येतो.

कचेरीतही तेच. भिंगांना मी सांगितलं की राणीला पुरावा नाही. ते शीटवरून भिंग फिरवत म्हणाले, ‘राणी बरी आहे. राणी कोणाला नडते का? खात्याने स्वतःच्या सापळ्यात स्वतःचा पाय घातला, हे शाळेतल्या मुलांना सांगायचंय का तुम्हाला?’ मी सापळ्याचा एक शब्द बोलले नव्हते. म्हणजे यांनाही माहीत आहे! सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे राणीच्या घोड्यावर बसलेत. महिनाअखेर मजकूर छापायला जाणार. तोवर मला एक काहीतरी लिहून द्यायचं आहे. राणी लिहिली तर मी खोटारडी. खरं लिहिलं तर देशातली सगळी पोरं आपल्या बाबांची ती गोष्ट पाठ करणार, आणि आई ती ऐकणार.

तुला एक सांगते, वहिनी वाचत असली तरी सांगते. मी या खात्यात लागले ते बाबांच्या टेबलावर बसायला मिळावं म्हणून. लग्नाचं तुम्ही सगळे विचारायचात तेव्हा मी चेष्टा करायची, पण खरं कारण हे की बाबांसारखा सरळ माणूस मला दिसला नाही. रेघ मारावी तसा सरळ. मी सगळ्या जगावर संशय घेतला, दूधवाल्यावरसुद्धा, फक्त एका माणसावर घेतला नाही. आता तोही गेला तर मी कोणाला धरून उभी राहू?

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

फौ.


१६ एप्रिल

प्रिय दादा आणि वहिनी,

हे पत्र तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचा. वहिनी, आधी फोडलं असशील तर त्याला हाक मार.

शनिवारी दुपारी काकू झोपली होती. आईने मला समोर बसवलं आणि विचारलं, ‘तिच्याशी का बोलत नाहीस? तिला वाटतंय, तिच्याकडून काहीतरी चुकलंय. परवा रडत होती.’ मी ‘काही नाही’ म्हटलं. आईने पुन्हा विचारलं. मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, शीट, शाईकाका, बुजगावणं, डोळ्यांतलं पाणी, सगळं. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता ही कोसळणार.

आई हसायला लागली. असं हसताना मी तिला जन्मात पाहिलं नाही. खुर्चीचा हात धरून, डोळे पुसत. ‘तुझे बाबा आणि वहिनी? अगं, हे तिच्याकडे मीठ मागायलासुद्धा घाबरायचे! मला खूण करायचे, मग मी मागायची.’

मग हसू ओसरलं आणि ती म्हणाली, ‘ते नाव माझं आहे.’

दादा, आपल्या आईचं नाव तेच होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा मोठ्या सुनेचंही नाव तेच निघालं. आजी म्हणाली, ‘एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? एकीला हाक मारली की दोघी यायच्या. धाकटीचं बदला.’ सगळे जेवायला बसले होते. जेवण संपायच्या आत नवं नाव ठरलंसुद्धा, जे आपण तिचं नाव म्हणून सगळीकडे लिहीत आलो ते. आपल्याला कळणार कुठून? मामा तिला अक्काच म्हणायचा, आणि तिला जुन्या नावाने ओळखणारं दुसरं कोणी राहिलं नव्हतं.

‘मी ह्यांच्याकडे पाहिलं,’ आई म्हणाली. ‘म्हटलं, आता बोलतील, आता बोलतील. हे ताटात बघत होते.’

पुढे काही महिन्यांनी बाबा एकदा कचेरीतून आले, खोलीचं दार लावून घेतलं आणि तिच्या कानात म्हणाले, ‘तुझं नाव मी नकाशावर ठेवलंय. ते मी कोणाच्या बापाला काढू देणार नाही.’ आईने विचारलं, कुठे ठेवलंय? बाबा म्हणाले, मोकळ्या जागेत.

‘मी म्हटलं, जिथे काळं कुत्रं फिरकत नाही तिथे माझं नाव ठेवून मला काय मिळालं? तिथे ठेवायला काय छाती लागते? मला घरात हाक मारा. एकदा. मोठ्याने. तुमच्या आईसमोर.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय! चहा टाक म्हणाले.’

आजी गेल्यावरही त्यांनी मारली नाही. तोवर सवय मोडली होती, म्हणाले, आता लोक काय म्हणतील, मुलं काय म्हणतील. आईने तेव्हाच ठरवलं, जो मुलूख माझ्या नावाचा म्हणून ह्यांनी मला दाखवला त्यात मी पाय ठेवायची नाही. तुला तिकडे धाडलं तेही तिची समजूत काढायला. लेक तिथे असला म्हणजे कधीतरी जाईल, असा त्यांचा हिशेब. आणि काकूच्या दारात जाऊन रडले, ते आईनेच पाठवलं होतं, तिला खरं काय ते सांगून या म्हणून. अर्धंच सांगून परत आले. आणि काकू इतकी वर्षं सगळ्यांसमोर ‘माझ्या मुलखात, माझ्या मुलखात’ करत राहिली, आणि आई तिला चहा देत राहिली.

मी सगळ्या नावांना विचारते ना, ठेवणारा कुठे उभा होता? आपले बाबा ताटावर बसले होते, खाली मान घालून. मला त्यांचा फार राग आला, दादा. ज्या गोष्टीवरून मी त्यांच्यावर संशय घेत होते ती त्यांनी केली नाही, आणि जी केली ती माझ्या ध्यानीमनी नव्हती. रात्रीपर्यंत राग होता. मग त्या सुट्टीच्या दुपारी आठवल्या, हात मागे बांधून नकाशासमोर उभं राहणं, आणि रडू आलं. सगळ्या घरात तेवढ्याच एका जागेसमोर त्यांना ताठ उभं राहता येत असावं.

काकूला आईने स्वतः सांगितलं. तिला तीनदा सांगावं लागलं, मोठ्याने, बहुधा जिन्यातही कळलं असेल. काकू आधी रडली आणि मग चिडली. ‘मग माझंच बदलायचं होतं की! मला तरी कुठे आवडायचं ते नाव!’ काल दूध उतू गेलं तेव्हा ती आईला म्हणाली, ‘तुझ्या मुलखात चालतं का गं हे?’ मी तिची माफी मागितली. तिने माझे केस विंचरून दिले. या वयात.

पुस्तकासाठी मी लिहिलं होतं, ‘खात्यातील एका ड्राफ्ट्समनने आपल्या पत्नीच्या नावावरून हे नाव ठेवले.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘त्यांना कशाला पुढे घालतेस? लिही, हे एका बाईचं नाव आहे. ती हयात आहे.’ तेवढंच लिहिलं. भिंगांनी ते भिंग बाजूला ठेवून वाचलं आणि म्हणाले, हे छापता येणार नाही. मी म्हटलं, मग तेवढी जागा मोकळी सोडा, मोकळ्या जागेत काय उगवतं ते आपल्या खात्याला माहीत आहे. अजून उत्तर आलेलं नाही. राणी परत घुसवायला ते माझ्या नकळत छापखान्यात जातील असा मला संशय आहे, म्हणून मी छापखान्याच्या फोरमनला आधीच भेटून आले.

तुझ्या राणीबद्दल आई म्हणते, चौथरा पाडू नका. वर सावली करा, गाडीची वाट बघणारी माणसं बसतील.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. काल तुझ्या जुन्या पत्रांबद्दल बोलत होतो, तर आईने मध्येच विचारलं, ‘तिथला तो हमाल खरंच मोठ्याने पुकारतो का गं?’

‘घसा फाडून,’ मी म्हटलं.

‘सगळ्यांसमोर?’

‘सगळ्या फलाटासमोर.’

तिने हातातल्या पिशवीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. ‘मग जाऊन येऊ या म्हणते एकदा,’ म्हणाली. गुडघ्याचं मी विचारलं नाही.

येत्या गुरुवारच्या गाडीने आम्ही तिघी येतो आहोत. काकूला मागे ठेवणं शक्य नाही. एक काम मात्र कर, दादा. हमाल रजेवर नाही ना, ते आधी बघ. आणि गाडी थांबली की ‘आई, आई’ करत डब्याकडे धावू नकोस. तू तिथेच उभा राहा. आधी त्याचं पुकारून होऊ दे. दोनदा पुकारत असेल तर दोनदा. तिला उतरायला वेळ लागेल, तो लागू दे.

पाकिटावरची शेवटची ओळ नेहमीसारखी आईनेच लिहिली आहे. आजवर आपण दोघांनीही ती पत्ता समजूनच वाचली.

तिची मुलगी,
तुझी बहीण